फाट्यावर थांबवलेल्या माणसाबद्दल

चि. भैय्यास,
अनेक आशीर्वाद.

एका घरात राहून अकरा दिवस आपण बोललो नाही. तू जेवायला बसलास की मी ओट्यावर जातो, मी आत आलो की तू गाडी काढतोस. समोर बसलो तर माझा आवाज चढेल आणि तू उठून जाशील. म्हणून हे लिहून तुझ्या गाडीच्या डिक्कीत ठेवतोय. फाडायचं असेल तर एकदा वाचून फाड.

तो व्हिडिओ मी पाहिला. स्टँडवरच्या हॉटेलात चहा घेत होतो, तर एका पोराने मोबाइल पुढे केला. "सर, तुमच्या भैय्याने काय दम दिला बघा!" त्याला वाटलं, मला आनंद होईल. रात्रीचा फाटा, तुम्ही सात जण, सगळ्यांच्या गळ्यात एकसारखे गमछे. मोटारसायकलवर सातपुड्यातले पावरा आदिवासी नवरा-बायको आणि मधे झोपलेलं पोर. तुम्ही गाडीची किल्ली काढून घेतली, आधार कार्ड मागितलं, पिशवी रस्त्यावर उपडी केली. दोन लुगडी, तुरीच्या शेंगा आणि पोराच्या औषधाची बाटली पडली. तो हात जोडून म्हणत होता, "मी चोर नही शे, भाऊ." मागून कोणी तरी हसलं. ते हसणं तुझं आहे का हे पाहायला मी तो तुकडा तीनदा लावला. तू हसला नव्हतास. पण बॅटरी तुझ्या हातात होती, आणि ती तू त्याच्या तोंडावरून हलवली नाहीस.

त्याला तू ओळखलं नाहीस का रे? मागच्या वर्षी आपल्या केळीत ठिबकच्या नळ्या त्यानेच अंथरल्या. आठ दिवस खळ्यात राहिला होता. मोठी माय त्याला कळण्याची भाकर आणि ठेचा द्यायची, आणि तो ताट घासून, पुसून परत आणून द्यायचा. व्हिडिओचं मी मोठ्या मायला सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलं. दोन दिवस ती गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "तो बी मानूसच शे ना."

आता माझं ऐक. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही.

१९८३ साली मी एकोणीस वर्षांचा होतो. नदीकाठी पारध्यांची चार-पाच पालं उतरली होती. त्याच आठवड्यात एका विहिरीवरची मोटार चोरीला गेली. चोर कोण हे कोणी विचारलंसुद्धा नाही, कारण उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. रात्री गावातली वीस-पंचवीस पोरं काठ्या घेऊन निघाली. माझ्या हातात तीन सेलची बॅटरी होती. मी कोणाला मारलं नाही, आणि हे वाक्य मी चाळीस वर्षं स्वतःला ऐकवत आलो. मी फक्त उजेड धरला. त्या उजेडात पालं उपटली गेली, चुलीवरचं पातेलं लाथेने उडालं, आणि एक बाई मातीतून भाताची शितं वेचत राहिली. आम्ही ओरडत होतो आणि ती वेचत होती. पंधरा दिवसांनी मोटार आमच्याच भावकीतल्या एकाच्या कडब्याच्या गंजीत सापडली. गावाने ते घरातल्या घरात मिटवलं. पालं कुठे गेली याची चौकशी कोणी केली नाही, मीही केली नाही.

पुढे इतिहास शिकवायला लागलो तेव्हा वाचलं की इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या, आणि तो कायदा १९५२ मध्ये गेला. आमच्या त्या रात्रीपर्यंत कागदावरून तो जाऊन एकतीस वर्षं झाली होती. आमच्या डोक्यातून गेला नव्हता.

तू नववीत असताना एका पुस्तकातल्या फोटोवर बोट ठेवून विचारलं होतंस, "अण्णा, हे पांढऱ्या टोकदार टोप्यांतले लोक कोण?" मी घाईत होतो. "वेडे लोक," म्हणालो आणि पान उलटलं. एवढी वर्षं शिक्षक होतो, पण त्यातलं सगळ्यात चुकीचं उत्तर मी माझ्याच पोराला दिलं. ते आज दुरुस्त करतो.

ते वेडे नव्हते. कू क्लक्स क्लान हे नाव. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली. त्याच वर्षअखेर टेनेसी राज्यातल्या पुलास्की नावाच्या लहानशा गावात हरलेल्या बाजूच्या सहा माजी सैनिकांनी ती टोळी काढली. कालपर्यंत गुलाम असलेला माणूस मतदान करतो, जमीन मागतो, हे त्यांच्यासारख्यांना सोसेना. रात्री घोड्यांवरून जाऊन काळ्या माणसांना झोडपायचं, मारायचं, घरं जाळायची. सरकारने ती मोडून काढली, पण १९१५ मध्ये जॉर्जियात ती पुन्हा उभी राहिली आणि पुढच्या दहा वर्षांत लाखो लोक तिच्यात गेले. एकट्या इंडियाना राज्यात अडीच लाखांच्या आसपास. आता काळ्यांच्या जोडीला कॅथलिक, ज्यू, बाहेरदेशातून आलेले, सगळेच वैरी ठरले होते.

कोण होते हे लोक? अभ्यासकांनी सदस्यांच्या जुन्या याद्या तपासल्या. मला वाटायचं सगळे उपाशी, अडाणी, दारुडे असतील. तसं नव्हतं. दुकानदार, कारकून, डॉक्टर, चर्चचे पाद्री, बरी शेती असलेले शेतकरी, म्हणजे गावात ज्यांना लोक आधी नमस्कार करतात ते. कुटुंबासह सहली निघायच्या, जेवणावळी व्हायच्या, मिरवणुकीत बायका-पोरं असायची. सभासद व्हायला दहा डॉलर पडत, आणि सभासद आणून देणाऱ्याला त्यातले चार मिळत. ते पांढरे झगेही संघटनेकडूनच विकत घ्यायचे. द्वेष गिऱ्हाइकाचा होता आणि गल्ला वरच्यांचा. इंडियानाचा त्यांचा पुढारी स्टीफनसन स्त्रियांच्या अब्रूचा रक्षक म्हणून मिरवायचा. १९२५ मध्ये एका तरुणीवर अत्याचार करून तिच्या मृत्यूला कारण झाला म्हणून तो खुनाचा दोषी ठरला. मग तिथले सभासद झपाट्याने गळाले. दहा डॉलर कोणाचे परत आले नाहीत.

तुझ्या कपाटात गमछ्याची आणि टी-शर्टची पावती आहे, पाचशे रुपयांची. चोरून पाहिली नाही, इस्त्रीला कपडे देताना तुझ्या आईच्या हाती आली. ते पैसे कुठे जातात, तू कधी विचारलंस?

तुमच्यातल्या सातही जणांना मी ओळखतो, चौघे माझ्या वर्गात होते. एक पोलीस भरतीत दोन मार्कांनी राहिला, त्याला आता गावात तोंड दाखवायची लाज वाटते. एक एकतीस वर्षांचा झाला, पाच ठिकाणी पोरगी पाहिली. शेती करतो म्हटल्यावर पाचही ठिकाणी पुढचं बोलणंच झालं नाही. एकाच्या बापाने कापसाच्या पायी जमीन गहाण टाकली आहे. एकाला काहीच कमी नाही, फक्त दिवसभर करायला काही नाही. आणि ज्याने तुम्हाला गोळा केलं त्याचं बाजारात खत-बियाण्याचं दुकान चालतं, दारात चारचाकी आहे, आणि येत्या निवडणुकीत त्याला उभं राहायचं आहे. त्या रात्री फाट्यावर तो नव्हता. हे तुझ्या लक्षात आलं का?

दुसरी गोष्ट शेतकऱ्यांची आहे, म्हणून जास्त लागते. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या शेतकऱ्याला सांगितलं गेलं, कर्ज काढा, जमीन वाढवा. १९७९ नंतर व्याजाचे दर भडकले, मालाचे भाव पडले. आयोवा राज्यात १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत जमिनीची किंमत निम्म्याहूनही खाली आली. बापजाद्यांच्या शेतांचे लिलाव झाले, माणसांनी गळफास घेतले, बंदुका लावून घेतल्या. तेव्हा पॉसी कॉमिटाटस नावाची संघटना गावोगाव फिरली. तिने सांगितलं, तुमचं कर्ज व्याजाने नाही बुडवलं, ज्यू सावकारांच्या कटाने बुडवलं. त्या गावांमध्ये ज्यू जवळपास नव्हतेच! लिलाव थांबवायचे म्हणून बनावट कायदेशीर कागदही शेतकऱ्यांना विकले. एकाही कागदाने एकाही कोर्टात कोणाची जमीन वाचली नाही. नॉर्थ डकोटातला गॉर्डन काल नावाचा त्रेसष्ट वर्षांचा शेतकरी, महायुद्धात लढलेला, याच विचाराने पेटला. फेब्रुवारी १९८३ मध्ये त्याने आणि त्याच्या माणसांनी दोन सरकारी अधिकारी गोळ्या घालून मारले. चार महिन्यांत तोही गेला, आणि त्याच्या पोराच्या वाट्याला तुरुंग आला.

त्या शेतकऱ्यांवर मला राग धरता येत नाही. वादळात आपली बाग आडवी झाली त्या रात्री मी बांधावर बसून रडलो होतो, तू पाहिलं होतंस. कुणी तरी तेव्हा येऊन "हे बघ, याच्यामुळे झालं" असं बोट दाखवलं असतं, तर मी त्या बोटाकडे पाहिलं असतं. माणसाला अशा वेळी कारण हवं असतं, आणि कारणाला तोंड असलं तर फार बरं वाटतं. वाऱ्याला तोंड नसतं, व्याजाला नसतं. बोर्डाचा भाव एक असतो आणि बांधावर व्यापारी दुसराच देतो, त्याला तोंड आहे, पण त्याच्यापुढे आपली मान खाली असते. मग रात्री फाट्यावर सापडतो तो पावरा. त्याने आपल्या केळीचा भाव पाडला का? तुझे दोन मार्क त्याने कापले का?

आणि हे सगळं अमेरिकेतलं म्हणून सोडून देऊ नकोस. १ जुलै २०१८ ला आपल्याच खान्देशात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसं मारली गेली. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून जगणारे. मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत होत्या, संशय एवढाच होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठेचलं. त्याचेही व्हिडिओ निघाले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं. मारणारेही हातावर पोट असलेले होते. सात जणांना जन्मठेप झाली आहे. तेही सात, तुम्हीही सात. हा नुसता आकडा आहे हे मला कळतं, तरी तो वाचला आणि माझी झोप उडाली. तू तुरुंगात जाशील ही भीती तर आहेच. पण खरी भीती दुसरी आहे. सकाळी बाजाराला निघताना त्या मारणाऱ्यांतल्या कोणालाही वाटलं नसेल की आज आपल्या हातून माणूस मरणार आहे.

पावऱ्याने त्या रात्री हात का जोडले, तेही सांगतो. त्याच्या बापाच्या पिढीने शहाद्याकडचा १९७१-७२ चा काळ पाहिला. दुष्काळ होता, पाटीलवाडीला भिल्लांवर गोळीबार झाला, पिकं राखायच्या नावाखाली आदिवासींना धाक घालणारी माणसं उभी राहिली. भिल्लांचे पुढारी अंबरसिंग महाराज तेव्हा आपल्या माणसांना ताठ उभं राहायला शिकवत होते. मैदानातली पोरं रात्री रस्ता अडवून उभी राहिली की सातपुड्यातल्या माणसाला काय आठवतं, ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

आता माझ्या वाटणीचं. भरतीतून तू परत आलास त्या दिवशी मी "अजून एकदा दे" एवढंच म्हणालो आणि पेपर उघडला. तुझ्या पाठीवर हात ठेवायला मला सुचलं नाही. या गमछेवाल्यांकडे गेलास तर त्यांनी तुला "या भाऊ" म्हणून खुर्ची दिली. वाढदिवसाला चौकात बॅनर लावलं, त्यावर तुझा फोटो. या घराने तुझा फोटो शेवटचा दहावीच्या निकालाला लावला. तू तिथे द्वेषासाठी गेलास असं मला वाटत नाही. तू खुर्चीसाठी गेलास, आणि खुर्चीसोबत बॅटरी हातात आली. यातला माझा दोष मी मान्य करतो. बॅटरी खाली ठेवणं मात्र मला तुझ्या वतीने जमणार नाही.

ठिबकच्या कामाचे त्याचे तीन दिवसांचे पैसे आपल्याकडे बाकी राहिले होते. गेल्या होळीला भोंगऱ्यासाठी, म्हणजे त्यांच्या होळीआधीच्या बाजार-जत्रेसाठी, तो अर्धं काम टाकून गेला आणि मी रागाने हिशेब अडवून धरला. व्हिडिओ पाहिल्यावर वही काढली. एकवीसशे रुपये निघतात. त्याचा पाडा कोणता ते मुकादमाकडून विचारून घेतलं आहे. पोराचं औषध रस्त्यावर फुटलं होतं, तीच बाटली मेडिकलमधून आणून ठेवली आहे. व्हिडिओ थांबवून नाव वाचलं.

शनिवारी सकाळी सहाला मी निघतो. डोंगरातला रस्ता खराब आहे आणि मला आता स्कूटर तिथवर झेपत नाही, तुझी गाडी लागेल. तुझी आई भाकरी बांधून देणार आहे, दोघांच्या बांधते म्हणाली.

तुझे,
अण्णा