सुटकेच्या दिवशी औषधाची चिठ्ठीही हातात हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाच्या बातम्या वाचल्या. प्रभातफेऱ्या, शपथा, शाळांतली व्याख्याने, हे सगळे हवेच. पण व्यसन जडलेली आणि त्यापायीच आज गजाआड असलेली माणसे या सगळ्यात कुठेच नव्हती. त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

माझी मुलगी समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात आहे. आपल्याकडच्या एमएसडब्ल्यूसारखेच तिथेही क्षेत्रकार्य असते. तिला ते क्रॅन्स्टनच्या राज्य कारागृहात, व्यसनमुक्तीच्या कामात मिळाले. आमच्याकडे ज्याने त्याने विचारले, एवढा खर्च करून पोरीला तुरुंगात कशाला धाडलीत? तिथे ती काय शिकते आहे, ते कळल्यापासून मला हा प्रश्न पडत नाही.

२०१६ मध्ये या चिमुकल्या राज्याने आपल्या सगळ्या कैद्यांसाठी अफूवर्गीय (हेरॉइनसारख्या पदार्थांच्या) व्यसनावरची तिन्ही मान्य औषधे खुली केली: मेथाडोन, ब्यूप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन. बाहेर ज्याचे औषध चालू असेल त्याचे ते आतही चालू राहते, नसेल त्याला तपासून सुरू करतात आणि सुटल्यावर बाहेरच्या दवाखान्यात ते पुढे चालावे, याची सोय आधीच लावून ठेवतात. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत तिथे अतिमात्रेने दगावलेल्यांपैकी २६ जण नुकतेच तुरुंगातून सुटलेले होते. २०१७ च्या त्याच सहा महिन्यांत हा आकडा ९ वर आला. तोही फेंटानिलसारखे जहाल विष रस्तोरस्ती मिळत असताना.

औषध एकेकाला समोर उभे करून देतात. मेथाडोन पातळ असते, ते तिथेच प्यायचे. ब्यूप्रेनॉर्फिनची पट्टी जिभेखाली ठेवून विरघळेपर्यंत बसून राहायचे, मग तोंड उघडून, जीभ उचलून दाखवायची. कुणी ते लपवून नेऊन विकू नये म्हणून ही काळजी. मुलीचे मुख्य काम मात्र सुटकेच्या आधीचे. कुठल्या दवाखान्यात जायचे, पुढचा डोस कधी, तिथवर कुठली बस जाते, घरी घेतील का, नाही तर रात्री निजायचे कुठे, हे सगळे त्या माणसाबरोबर बसून ठरवायचे आणि कागदावर लिहून द्यायचे. कुणाचे नाव वा गुन्हा ती आम्हाला सांगत नाही आणि आम्हीही विचारत नाही. एक गोष्ट मात्र ती पुन्हा पुन्हा सांगते. ‘आत इतके दिवस काही घेतले नाही, आता मी बरा आहे,’ असे म्हणणाऱ्या माणसाची तिला सर्वांत जास्त धास्ती वाटते. अंगाची सवय मोडलेली असते, पण ओढ गेलेली नसते. बाहेर पडल्यावर त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास बंद पडतो. वॉशिंग्टन राज्यातल्या सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात अतिमात्रेने मरण्याचा धोका सर्वसामान्यांच्या १२९ पट असल्याचे त्यात आढळले. एकशे एकोणतीस पट! शिक्षा भोगून घरी निघालेल्या माणसाला हे कुणीतरी सांगायला नको का?

आपल्याकडे काहीच नाही असे मी म्हणत नाही. तिहारमध्ये ब्यूप्रेनॉर्फिनचे उपचार झाले आहेत, पंजाबच्या तुरुंगांतही ते दिले जाते. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये काम करतो आहे. कायदाही आड येत नाही. एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ३९ नुसार, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी आरोपीला दोषी ठरवल्यावरही न्यायालय त्याच्या संमतीने उपचारांसाठी सोडू शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणारे विकार मानसिक आजारांत धरले आहेत आणि प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र हवे, असेही म्हटले आहे.

आपली अडचण वेगळी आहे, हेही खरे. इथले सुमारे तीन चतुर्थांश बंदी कच्चे कैदी. जामीन मंजूर झाला, कागद पोचला की माणूस बाहेर; महिनाभर आधी तयारी करायला सवड कुठून मिळणार? म्हणून ही तयारी तो आत आला त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवी. शिवाय महाराष्ट्रात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक अमली पदार्थाचा, सुळसुळाट आहे आणि त्यावर मेथाडोनसारखे औषध नाही. तिथे समुपदेशन आणि घरच्यांना जोडून घेणे हाच मार्ग. दारूचे तर आणखी निराळे. रोज पिणाऱ्याची दारू कोठडीत एकदम तुटली की हातपाय थरथरतात, झटके येतात, वेळेवर इलाज झाला नाही तर जीवही जातो. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे ओळखणारे कुणीतरी प्रत्येक तुरुंगात हवे.

या कामाला हात हवेत आणि ते आपल्याकडे आहेत. समाजकार्य महाविद्यालये राज्यभर आहेत. येरवडा, नाशिकरोड, कळंबा, हर्सूल यांपैकी निदान एका कारागृहात तरी कारागृह विभागाने वर्षभराचे क्षेत्रकार्य व्यसनमुक्तीसाठी सुरू करावे. अनुभवी समुपदेशकाची देखरेख असावी, मुलांना आधी प्रशिक्षण मिळावे आणि सुटणाऱ्या प्रत्येक व्यसनी बंद्याच्या हातात जवळच्या उपचार केंद्राचा पत्ता, तारीख आणि तिथल्या माणसाचे नाव लिहिलेली चिठ्ठी असावी. आपल्या प्रतिनिधीने कारागृह विभागाला याबद्दल विचारावे आणि मिळेल ते उत्तर छापावे, ही विनंती.

आपली,
एक पालक, सांगली