दहा तास झाकण उघडायचं नाही

डॉर्चेस्टर, बॉस्टन
१९ मार्च

प्रिय आई,

तुला आणि पप्पांना नमस्कार. आज संत जोसेफचा सण, म्हणजे पप्पांच्या नावाचा दिवस. सकाळच्या मिस्साला त्यांची आठवण केली, त्यांना सांग.

फोनवर तू विचारलंस, "त्या मडक्यात दिवसभर काय शिजत पडतं गं?" आणि मी ड्युटीला निघाले होते, म्हणून उत्तर अर्धवट राहिलं. वहिनीचंही म्हणणं, व्हॉट्सॲपवर तुटक तुटक नको, एकदा नीट लिहून पाठव. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी बसलेय. दादाने आपल्या वाटणीचं आधी वाचून घ्यावं: नाताळला येताना मी स्लो कुकर, म्हणजे ते विजेचं मडकं, आणणार नाही. इथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. आपल्याकडे सरळ लावला की तो जळालाच म्हणून समज. आणखीही एक कारण आहे, ते पुढे लिहिते.

फोटोत गुलाबी दिसलं ते हॅम नव्हे, कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवलेलं गोमांस. शेजारच्या काकूंना पत्र वाचून दाखवणार असशील तर मधला भाग गाळ आणि कोबी-बटाट्यापासून सुरू कर. उपवासकाळात मांस कसलं खातेस, हे तू विचारायच्या आतच सांगते. १७ मार्च हा संत पॅट्रिकचा सण. यंदा तो मंगळवारी आला, त्यामुळे प्रश्न नव्हता. शुक्रवारी आला की पंचाईत होते, कारण उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. २०२३ मध्ये तसा आला होता, तेव्हा अमेरिकेतल्या पुष्कळ बिशपांनी त्या दिवसापुरती मोकळीक दिली. काहींनी त्याच्या बदल्यात दुसऱ्या एखाद्या दिवशी प्रायश्चित्त करायला सांगितलं. माझी घरमालकीण आजी आयरिश घराण्यातली. तिचं मत असं की संत पॅट्रिकला बिशपची परवानगी लागत नाही. मी ना हो म्हणत, ना नाही म्हणत. भाडं तिला द्यायचं असतं.

बॉस्टनला त्या दिवसाचं दुहेरी कौतुक. १७७६ साली १७ मार्चलाच इंग्रजांचं सैन्य हे शहर सोडून गेलं. त्यामुळे आयरिश सणाच्या दिवशीच इथे इंग्रज गेल्याचीही आठवण काढतात, आणि आयरिशांना त्याचा आनंद जरा जास्तच होतो. मिरवणूक जवळच्या रविवारी साउथ बॉस्टनला निघते. आमच्या वॉर्डात त्या रविवारी ड्युटी नको म्हणून सगळ्या नर्सेस आधीपासून अर्ज करून ठेवतात, इतकं बोललं तरी पुरे.

आता मांसाकडे वळते. हे जनावराच्या छातीचं, इथे त्याला ब्रिस्केट म्हणतात. गुराला आपल्यासारखं गळ्याखालचं आडवं हाड नसतं, म्हणून पुढच्या धडाचा सगळा भार छातीच्या स्नायूंवर पडतो. जन्मभर राबलेलं मांस ते, घाईने शिजवलं तर चामडं चघळल्यासारखं लागतं. त्यातला चिवटपणा कोलॅजनचा, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचा. उष्णता सत्तर अंश सेल्सिअसच्या वर गेली की ते सावकाश विरघळू लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं. पायाच्या सूपाने ओठ चिकटतात ना, ते त्याच्यामुळेच. पण याला तास लागतात. प्रेशर कुकरमध्येही होतं, नाही असं नाही; फक्त मला ते तसं आवडत नाही, धागे सुटून पिंजल्यासारखं होतं.

दुकानात ते खारवलेलंच मिळतं, मिठाच्या पाण्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत बंद. मार्चमध्ये त्याचे भाव मुद्दाम उतरवतात. खारवणं आपल्याला नवं नाही. मडगावची आत्या नाताळच्या आधी जीभ खारवते ते आठव: काट्याने टोचून मीठ चोळायचं, लिंबू पिळायचं, चिमूटभर सोरा घालायचा आणि वर वजन ठेवायचं. ती गुलाबी का होते असं मी लहानपणी विचारलं की आत्या म्हणायची, "सोऱ्यामुळे." तिचं बरोबर होतं. सोऱ्यातल्या नायट्रेटचं मुरताना नायट्राइट होतं, ते मांसाच्या रंगद्रव्याला धरून ठेवतं आणि मग कितीही शिजवा, रंग तपकिरी होत नाही. इथे सरळ सोडियम नायट्राइटच वापरतात. मिठात मिसळलेलं मिळतं, त्यात नायट्राइट फक्त ६.२५ टक्के, आणि कुणी चुकून साधं मीठ समजू नये म्हणून ते मुद्दाम गुलाबी रंगवलेलं असतं. दादाला आवर्जून सांग, खताच्या दुकानातून सोरा आणून अंदाजाने घालायचा नाही. हे प्रमाण चुकलं तर विष आहे.

गंमत म्हणजे आमची घरमालकीण गुलाबी मांसाला नाक मुरडते. जुन्या बॉस्टनवाल्यांचं कॉर्न्ड बीफ राखाडी असतं, नुसत्या मिठात मुरवलेलं, सोरा-नायट्राइट काही नाही. दिसायला अगदीच उदास, पण चव मांसाची येते हे मला मान्य करावं लागलं. नर्स म्हणून मलाही तेच बरं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये खारवलेलं, धुरावलेलं मांस कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलंय. म्हणून वर्षातून सणापुरतं. तू काळजी करू नकोस, एरवी मी डाळ-भातच खाते.

कुकर म्हणजे चिनीमातीचं जाड लंबगोल भांडं, त्याच्याभोवती पत्र्याचं आवरण, आवरणात तापणारी तार आणि वर काचेचं झाकण. यात शिट्टी नाही, दाब नाही. वाफ झाकणाला लागून परत खाली ठिबकते, म्हणून पाणी आटत नाही. मी सकाळी सहाला निघते आणि रात्री आठला घरी येते. गॅस चालू ठेवून जाता येत नाही, आणि बारा तास उभी राहून आल्यावर कांदा चिरायची ताकद नसते. दहा तास झाले की तो आपोआप नुसतं गरम ठेवण्यावर येतो. तू म्हणशील, घरात कुणी नसताना विजेवर काहीतरी शिजत ठेवायचं म्हणजे जिवाला घोर. पहिल्यांदा मलाही वाटलं होतं. आता वाटत नाही.

करायची रीत सोपी आहे. दीड-पावणेदोन किलोचा तुकडा रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेवायचा, गोठलेला तसाच टाकायचा नाही; तो इतका हळू तापतो की मधल्या काळात जंतूंची चंगळ होते. सकाळी नळाखाली चांगला धुवायचा, वरचं मीठ जायला हवं. भांड्याच्या तळाला आधी भाज्या, त्यावर मांस. हे आपल्याला उलटं वाटतं, पण यात गाजर-बटाटे मांसापेक्षा सावकाश शिजतात आणि उष्णता तळाला व कडांना जास्त असते. बटाटे लाल सालीचे, लहान असतील तर अख्खेच. मोठे पांढरे फुटून लापशी होते. गाजराचे जाड तुकडे, एक कांदा चार फाका करून, हवा तर सलगम. मांसाची चरबीची बाजू वर. पाणी तुकडा जेमतेम बुडेल इतकं. मीठ अजिबात नाही.

पिशवीत मसाल्याची एक चिमुकली पुडी येते. तिच्यात काय असतं, ऐक: मोहरी, धणे, मिरी, तमालपत्र, कधी लवंग. आपलाच डबा! पण भाजायचं नाही, कुटायचं नाही, फोडणी नाही. तसेच्या तसे दाणे पाण्यात टाकायचे. तू असतीस तर कपाळाला हात लावला असतास. मी एकदा ते भाजून घातले, तर घरमालकीण म्हणाली, हे फार छान आहे पण हे कॉर्न्ड बीफ नव्हे. खरं सांगायचं तर भाजलेलंच चांगलं लागतं.

मग मंद आचेचं बटण दाबायचं आणि झाकण उघडायचं नाही. डोकावून पाहण्याची आपली सवय इथे चालत नाही. एकदा उघडलं की जमलेली ऊब जाते आणि वीस-तीस मिनिटं वाढतात. पप्पांना हे जमणार नाही, ते दर दहा मिनिटांनी टोपात चमचा घालतात.

कोबीचं मात्र माझं वेगळं आहे. लोक शेवटच्या तास-दोन तासांत तोही कुकरमध्येच टाकतात. मी तेव्हा घरी नसते, आणि सकाळीच घातला तर दहा तासांनी त्याचा तो गंधकाचा वास सगळ्या जिन्यात पसरतो. म्हणून घरी आल्यावर कुकरमधलं दोन पळ्या पाणी पातेल्यात काढते, कोबीच्या देठासकट मोठ्या फाका करते (देठ असला की पानं सुटत नाहीत) आणि गॅसवर झाकून पंधरा मिनिटं. कोबी थोडा करकरीत राहतो, रंगही टिकतो. तोवर मांस बाहेर काढून ठेवायचं, लगेच कापायचं नाही. कापताना धागे कुठल्या दिशेला गेलेत ते बघून त्यांच्या आडवं कापायचं. एवढं एक चुकलं तर दहा तास पाण्यात. बरोबर मोहरीची चटणी आणि सोडा घातलेला जाड ब्रेड. घरमालकीण लोणी इतकं लावते की मी बघत नाही.

पप्पांना इतिहास हवा असतो म्हणून हे त्यांच्यासाठी. आयर्लंडमध्ये हे गरिबाचं जेवण कधी नव्हतंच. सतराव्या-अठराव्या शतकात कॉर्क बंदरातून खारवलेलं गोमांस पिंपांत भरून इंग्रजांच्या आरमाराला आणि कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांना जायचं. १६६० च्या दशकात इंग्लंडने आयर्लंडची जिवंत गुरं घ्यायचं बंद केलं, तेव्हा मांस खारवून विकण्याचा धंदा आणखी फोफावला. पिकवायचं त्यांनी, खायचं दुसऱ्यांनी. पाचूबंदरला उतरलेलं मोठं पापलेट वसईत किती राहतं ते बघा म्हणजे कळेल. आयरिश माणूस स्वतः डुकराचं खारं मांस आणि कोबी खाई, आणि बाकी बटाटा. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. त्यांतली कितीतरी इथे बॉस्टनला आणि न्यूयॉर्कला उतरली. इथे गोमांस स्वस्त. न्यूयॉर्कमध्ये शेजारची वस्ती ज्यू लोकांची, ज्यू खाटीक डुक्कर ठेवत नाही पण छातीचं मांस उत्तम खारवतो. आयरिश बायकांनी तेच घेतलं आणि कोबीबरोबर शिजवलं.

आणि पुढे ऐका. हा कुकरही ज्यू घरातलाच. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या माणसाला त्याच्या आईने लिथुएनियातल्या लहानपणाची गोष्ट सांगितली होती: शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मांस, कडधान्यं आणि कंद भरलेलं मडकं बेकरीत नेऊन द्यायचं आणि विझत जाणाऱ्या भट्टीत ते रात्रभर शिजायचं. त्यावरून त्याने विजेचं भांडं केलं, १९४० मध्ये पेटंट मिळालं. १९७१ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने ते क्रॉक-पॉट नावाने बाजारात आणलं, आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी उचलून धरलं. तर संत पॅट्रिकच्या ताटात मांस ज्यू खाटकाचं, भांडं ज्यू आईच्या आठवणीतलं, आणि यंदा शिजवणारी वसईची. घरमालकिणीला हे सांगितलं तर म्हणाली, बटाटे तरी आमचे ना? मी गप्प बसले. बटाटा मूळचा पेरू देशाचा, हे सणाच्या दिवशी कशाला सांगा.

उरलेलं दुसऱ्या दिवशी बारीक कापून, उकडलेला बटाटा कुस्करून, तव्यावर खरपूस करायचं आणि वर अंडं फोडायचं. इथे त्याला हॅश म्हणतात. मी त्यात आपला बाटली मसाला, घरी कुटून बाटलीत भरलेला, अर्धा चमचा घालते. ते खाऊन झालं की घरमालकीण डबा धुऊन परत आणते, तिला आणखी हवं असतं.

आता तुमचं. तिथे करायचं तर २०१५ पासून आपल्याकडे बैलाचंही बंद आहे, म्हशीचं मिळतं तेच घ्या. ते जास्त चिवट, चरबी कमी, त्यामुळे वेळ जास्त लागेल. कुकरची गरजच नाही: जाड बुडाचा टोप, घट्ट झाकण, सगळ्यात लहान गॅस, चार तास आणि घरात माणूस. माणूस घरात आहेच, तर विजेचं मडकं कशाला? हेच ते दुसरं कारण. शिवाय दिवसातून दोनदा वीज गेली तर मांस कोमट राहून खराब होईल. दादाने तरीही हौस म्हणून तिथला घेतलाच तर त्यात राजमा कच्चा घालू नका. भिजवून आधी गॅसवर निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. मंद आचेवर त्यातलं विष मरत नाही, ओकाऱ्या होतात.

पप्पांना मात्र कापून दोनच तुकडे, आणि मांस शिजलेलं पाणी प्यायला द्यायचं नाही. निम्मं मीठ त्यातच उतरतं. त्यांचं बीपी गेल्या वेळी किती आलं ते तू मला अजून सांगितलेलं नाहीस; विषय बदललास ते माझ्या लक्षात आहे. आकडा लिहून पाठव.

यंदा मसाला कुटाल तेव्हा माझी एक बाटली वेगळी काढ. जूनमध्ये गिरीज गावचं ओळखीतलं कुणीतरी इकडे येतंय, त्यांच्याकडे देता येईल. काचेत नको, घट्ट फिरकीच्या डब्यात घालून दोन पिशव्यांत बांध, आणि आत काय आहे ते वर इंग्रजीत लिही.

तुमची
धाकटी