भजनीबुवांचे नाव एक, फलकांवरची अक्षरे अनेक

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गणेशोत्सव तोंडावर आला की कणकवली, कुडाळ, सावंतवाडी परिसरातील फ्लेक्स छापणाऱ्या दुकानांत मध्यरात्रीपर्यंत यंत्रे चालू असतात आणि त्या कामातला मोठा वाटा डबलबारी भजनांच्या, म्हणजे दोन बुवांमधल्या भजनी सामन्यांच्या, जाहिरातींचा असतो. गेली बावीस वर्षे मी हेच काम करीत आहे. गेल्या आठवड्यात आमच्या तिठ्यावर, म्हणजे तीन रस्त्यांच्या नाक्यावर, एकाच बुवांच्या तीन कार्यक्रमांचे तीन फलक शेजारी शेजारी लागले. एकात बुवा काळ्याभोर मिशांचे आणि फेटा बांधलेले. दुसऱ्यात जाकीट घालून हार्मोनियमवर झुकलेले. तिसऱ्यात कुठल्याशा लग्नाच्या फोटोतून कापून घेतलेले, खांद्यावर दुसऱ्या कुणाची चार बोटे तशीच राहून गेलेली. नाव एकीकडे लाल कडेच्या पिवळ्या जाड अक्षरांत, दुसरीकडे बारीक निळ्यात, तिसरीकडे लग्नपत्रिकेला शोभेल अशा वळणदार फॉन्टमध्ये. नुकत्याच उतरलेल्या एका चाकरमान्याने मला विचारले, "हे तिघय भाव काय ओ?" (हे तिघे भाऊ आहेत का?) त्या तीन फलकांपैकी दोन माझ्याच दुकानात छापले गेले होते, त्यामुळे मी हसून वेळ मारून नेली.

या गोंधळाचा दोष बुवांकडे जातो तितकाच आम्हा छापणाऱ्यांकडेही येतो. डबलबारीचा फलक बुवा करून घेत नाहीत; तो सुपारी देणारे मंडळ करते. मंडळाचा एखादा मुलगा संध्याकाळी दुकानात येतो, मॅटर तोंडी सांगतो आणि व्हॉट्सॲपवर चार जणांकडून फिरत आलेला फोटो पुढे करतो. तो फोटो पाठवताना दाबला जाऊन लहान झालेला असतो आणि दहा फुटी फलकावर मोठा केला की चेहऱ्याचे चौकोन दिसू लागतात. मग आम्ही जुन्या फायलींत हात घालतो. मी एकदा असाच दहा वर्षांपूर्वीचा फोटो वापरला आणि मधल्या काळात मिशा काढलेल्या, केस पिकलेल्या बुवांना त्या रात्री मंडपाच्या दारात स्वयंसेवकाने ओळखले नाही. (बुवांनी मोठ्या मनाने त्यावरच भजनाच्या गजराआधी दोन वाक्ये बोलून हशा वसूल केला.)

कलावंताची दृश्य ओळख म्हटले की महागडे बोधचिन्ह डोळ्यांपुढे येते. ते सुंदर असले तर आनंदच, पण मुख्य गरज तीच गोष्ट पुन्हा पुन्हा तशीच दिसण्याची आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांना जी अक्षरे दिली, ती वर्तमानपत्राच्या जाहिरातीत दोन बोटांएवढी छापली तरी नाटक ओळखू येत असे, कारण ते नाव दर वेळी त्याच रूपात भेटत होते. 'रोलिंग स्टोन्स' या इंग्रजी वाद्यवृंदाची ओठ आणि जीभ ही खूण १९७० साली लंडनमधल्या जॉन पॅश या विद्यार्थ्याने अवघ्या ५० पौंडांत काढून दिली. पन्नासहून अधिक वर्षे ती टिकली आहे.

आपल्याकडे आता फलकाबरोबर मोबाइलचा पडदाही आला आहे आणि घोळ तिथे अधिक होतो. डबलबारी मंडपात हजार माणसे ऐकत असतील, तर नंतर यूट्यूबवर ती मुंबई-पुण्यात आणि आखातात बसलेली माणसेही ऐकतात. तिथल्या चित्रफितीचे मुखचित्र मोबाइलवर काडेपेटीएवढे दिसते. वाहिनीचे चित्र तर गोलात कापले जाते. फलकाचे चौदा फोटो आणि सतरा नावे त्यात कोंबली की काहीच वाचता येत नाही. त्याहून मोठी अडचण नावाची आहे. रोमन लिपीत 'बुवा' हा शब्द कुणी 'व्ही'ने लिहितो, कुणी 'डब्ल्यू'ने; आडनावातले शेवटचे अक्षर कुणी ठेवतो, कुणी गाळतो. परिणामी एकाच बुवांची भजने शोधताना निम्मी हाती लागतात. स्पेलिंग ठरवून घेण्यास एक पैसाही लागत नाही आणि तरी ते कुणी केलेले नाही.

रंगांबाबत थोडे धंद्यातले सांगतो. मोबाइलवर झळाळणारा भगवा प्रकाशाचा असतो, छापील भगवा शाईचा. तो छपाईत थोडा मळकट उतरतोच आणि उन्हात पिवळी व किरमिजी शाई आधी उडत असल्याने काही काळाने फलक निळसर पडतो. म्हणून छापल्यावर कसा दिसतो ते पाहूनच रंग निवडावेत आणि दोनच ठेवावेत.

माझी सूचना एवढीच आहे की, सुपारी घेतानाच बुवांनी मंडळाला आपली सामग्री द्यावी. कर्व्ह केलेले (म्हणजे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावरही न बदलणारे) नावाचे अक्षर, मागचा भाग काढलेले अलीकडचे दोन मोठे फोटो, दोन रंग आणि नावाचे ठरलेले स्पेलिंग, एवढे एका फोल्डरमध्ये मावते. फोटो मात्र व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. मंडपात मागे लावायचा स्वतःच्या नावाचा कापडी पडदा एकदा करून घेतला, तर तो अनेक वर्षे पुरतो आणि प्रत्येक चित्रफितीत आपसूक दिसतो. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक वा पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असल्यामुळेही कापडाचा विचार करायला हवाच.

यावर मंडळांची हरकत मला ठाऊक आहे. डबलबारीत दोन्ही बुवांचे फोटो टेपने मोजून सारखे ठेवावे लागतात, नाहीतर सामना मंडपाबाहेरच सुरू होतो. ही बरोबरी आकाराची आहे आणि ती तशीच राहावी. आपापल्या अर्ध्या भागात प्रत्येकाचे अक्षर आणि रंग त्याचे त्याचे असायला काय हरकत आहे? उलट 'जंगी सामना' म्हणून जे आपण छापतो, ते मग डोळ्यांना दिसेल तरी. दुसरी अडचण शुभेच्छुकांची. वर्गणी त्यांची, त्यामुळे त्यांचे फोटो जाणार हे मान्य. पण ते खालच्या पट्टीत बसवता येतात आणि बुवांना पोस्टाच्या तिकिटाएवढे होण्याची वेळ येत नाही, हे मी स्वतः मंडळांना करून दाखवले आहे.

तिठ्यावरचे ते तीन फलक अजून उतरलेले नाहीत. त्यांतले माझ्याकडचे दोन मी स्वखर्चाने बदलून देईन. त्यासाठी बुवांनी फक्त यातला आपला चेहरा कोणता, ते मला कळवावे.

आपला,
एक फ्लेक्स व अक्षरजुळणी व्यावसायिक, कणकवली