पियानोच्या तारांत बोल्ट घालू द्या, पण आधी हवा सांभाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशकात सभागृहाच्या दुरुस्तीचा विषय निघाला की खुर्च्या, ध्वनियंत्रणा आणि पार्किंगवर भरपूर बोलले जाते. पियानोचे नावही निघत नाही. सतारिया आपली सतार घेऊन येतो. पियानोवादकाला गावात असेल त्याच वाद्यावर वाजवावे लागते. आणि तो आजच्या काळातल्या रचना वाजवणारा असेल, तर दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. एक, 'कीबोर्ड आहे, चालेल ना?' दुसरे, 'तारांना हात लावायचा नाही.'

कीबोर्ड का चालत नाही? कारण त्यात तारा नाहीत. संगीतकार शेनबर्गने १९०९ मध्येच, 'ओपस ११' या पियानो-रचनांपैकी पहिल्या तुकड्यात, उजव्या हाताने पट्ट्या आवाज न करता दाबून धरायच्या आणि डाव्या हाताने खालचे स्वर वाजवायचे अशी जागा लिहिली. मोकळ्या झालेल्या तारा सतारीच्या तरफांसारख्या आपोआप झणकारतात. संगीतकार बेरिओची 'सिक्वेन्झा ४' ही पियानो-रचना तर मधल्या पेडलवरच उभी आहे. ग्रँड, म्हणजे आडव्या तारांच्या, पियानोत ते पेडल दाबलेल्या क्षणी जे स्वर धरलेले असतील तेवढेच घुमत राहतात, बाकीचे कोरडे वाजतात. भिंतीला लावायच्या उभ्या पियानोत मधले पेडल बहुधा हातोड्यांपुढे फेल्टची पट्टी आणून आवाज दाबते, एवढेच. तीन पेडले दिसली म्हणजे काम झाले, असे समजू नये.

आता तारांना हात लावण्याविषयी. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, त्याला कुणी तंबोरा बिघडवला म्हणत नाही. संगीतकार जॉन केजने 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' (१९४६-४८) मध्ये ध्वनी बदलण्यासाठी ४५ स्वरांच्या तारांत बोल्ट, स्क्रू, रबर, प्लॅस्टिक घालायला सांगितले आहे. कोणती वस्तू कोणत्या दोन तारांमध्ये, डँपरपासून (तारेवर टेकून तिचा आवाज थांबवणाऱ्या फेल्टच्या ठोकळ्यापासून) किती इंचांवर, याचा तक्ता स्वरलिपीच्या सुरुवातीलाच दिलेला असतो. या जुळवणीत दोन-तीन तास सहज जातात.

नुकसान होते ते घाईने. आधी उजवे पेडल दाबून डँपर वर उचलावेत, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पाचरीने तारा हलक्या फाकवाव्यात, वस्तू ठेवावी आणि मग पाचर काढावी. स्क्रू तारांमध्ये ठोकून बसवायचा नाही. खर्जाच्या तारांवर तांब्याचे वेष्टन असते. तिथे आटे असलेला स्क्रू घातला की वेष्टन ओरखडते आणि ती तार कायमची बद्द होते, म्हणून तिथे रबर. खुणेचे कागद लोखंडी चौकटीवर लावावेत, डँपरच्या फेल्टवर नव्हे. बोटांनी तारा छेडायच्या असतील तर हात धुऊन कोरडे करावेत आणि नंतर तारा सुती कापडाने पुसाव्यात, कारण गंज चढतो तो घामाने. एवढे पाळले तर कार्यक्रमानंतर पियानो होता तसा परत मिळतो. उभा पियानो या कामाला घेऊच नये. तारा उभ्या असल्याने वस्तू निसटून खाली पडतात.

पियानो खरा बिघडतो तो हवेने, आणि त्याबद्दल मात्र कुणी नकार देत नाही. सुमारे २३० तारा, त्यांचा एकत्रित ताण १८ ते २० टन, आणि तारांचा दाब खालच्या पातळ लाकडी फळीवर, म्हणजे साउंडबोर्डवर. नाशकात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा ती फळी फुगते आणि स्वर, विशेषतः मधल्या सप्तकांतले, चढतात. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता पार खाली येते. फळी आकसते, स्वर उतरतात, खुंट्या सैल होतात, फळीला चीरही पडते. लासलगावच्या कांद्याच्या चाळीला खेळती हवा लागते. पियानोला याच्या उलट, स्थिर हवा लागते, साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेची. एसी फक्त कार्यक्रमापुरता लावणे सर्वांत वाईट.

म्हणून वाद्य किमान एक दिवस आधी रंगमंचावर आणावे. ट्यूनिंगला दीड-दोन तास लागतात. स्वर फार उतरलेले असतील तर आधी ते ढोबळमानाने वर आणून मग पुन्हा बारीक जुळवणी. हे काम रंगमंचावरचे दिवे लावूनच करावे. उष्णतेने तारा लांबतात आणि स्वर उतरतात, त्यामुळे अंधारात लावलेला पियानो पहिल्या रचनेतच बेसूर होतो. वस्तू घालायच्या त्या ट्यूनिंगनंतर, आधी नाही.

नव्या संगीताची बाजू घेणारा वादक हे सगळे एका प्रयोगासाठी करत नाही. नव्या रचनेचा पहिला प्रयोग गाजतो, दुसरा होतच नाही; तो दुसरा आणि तिसरा करणे हेच त्याचे काम. पियानोवादक अर्सुला ऑपेन्सने संगीतकार फ्रेडरिक झेव्स्कीकडून १९७५ मध्ये ३६ व्हेरिएशन्सची, म्हणजे एकाच चालीच्या ३६ रूपांची, तासाभराची रचना लिहवून घेतली. ती आज अनेक वादक वाजवतात. आयोजकांनी हक्कांचेही पाहावे : भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. केज १९९२ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या रचनेला परवानगी लागते. १९५१ मध्ये गेलेल्या शेनबर्गच्या रचनेला नाही.

पलुस्करांचे नाव सांगणाऱ्या शहराला एवढी मागणी जड नसावी : ग्रँड पियानो असेल त्या सभागृहाने वाद्याशेजारी आर्द्रतामापक ठेवावा, आणि बुकिंगच्या माहितीत वाद्याचा निर्माता, लांबी, मधल्या पेडलचे काम आणि आतल्या चौकटीचा एक फोटो द्यावा. चौकटीचे दांडे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या जागी येतात. हव्या त्या तारेवर नेमका दांडा आला तर वादकाचा हात तिथे पोहोचत नाही, आणि हे कार्यक्रमाच्या दिवशी कळून उपयोग नसतो. फोटो झाकण पूर्ण उघडून, वरून काढावा. मोबाइलचा पुरतो.

– पियानो वाजवणारे व जुळवणारे काही वाचक, नाशिक