सरकता दरवाजा वीज गेल्यावर उघडलाच पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक इमारतींच्या प्रवेशद्वारांवर मोटरवर चालणारे काचेचे सरकते दरवाजे आता सर्रास दिसतात. ‘फायर अलार्मला जोडलाय, आग लागली की आपोआप उघडेल’ एवढ्या उत्तरावर त्यांच्या सुरक्षिततेचा विषय बहुधा मिटवला जातो. पण तसे उघडायचे तर अलार्मची वायर, दार चालवणारा कंट्रोलर, मोटर, लॉक आणि वीज हे सगळे त्या क्षणी शाबूत असावे लागते, आणि आगीत नेमके तेच आधी निकामी होते. म्हणून दरवाजा बंद ठेवायला वीज लागावी, उघडायला लागू नये. अलार्मचा संपर्कही नेहमी जोडलेला असावा. वायर जळून तुटली तरी कंट्रोलरने ती आगीचीच सूचना समजावी. आग लागल्यावरच संपर्क जुळून सूचना मिळेल अशी उलटी जोडणी केली तर वायर तुटल्याचे कुणाला कळतही नाही.

उघडायलाच वीज लागणारी रचना काय करते ते दक्षिण कोरियातील देगू शहराच्या मेट्रोत १८ फेब्रुवारी २००३ रोजी दिसले. एका गाडीत लावलेली आग शेजारच्या रुळावर येऊन थांबलेल्या दुसऱ्या गाडीत पसरली. त्या गाडीचा चालक मुख्य किल्ली काढून घेऊन बाहेर पडला आणि दारांचा वीजपुरवठा बंद होऊन ती उघडेनात. एकूण १९२ माणसे गेली, त्यांतली बहुतेक या दुसऱ्या गाडीतली. गाडीचे दार आणि इमारतीचे दार वेगळे खरे, पण दोष एकाच जातीचा.

वीज गेल्यावर झडपा (दाराचे काचेचे सरकते भाग) सरकवायला ताकद दोन प्रकारे साठवतात: ताणलेल्या रबरी दोरात किंवा बॅटरीत. स्वयंचलित दारांसाठीच्या युरोपच्या ईएन १६००५ मानकाप्रमाणे सुटकेच्या वाटेवरचा सरकता दरवाजा ३ सेकंदांत ८० टक्के रुंदीइतका उघडावा लागतो. दोन मीटरच्या वाटेला प्रत्येकी १०० किलोच्या दोन झडपा धरा. दोन्ही एकाच पट्ट्याला जोडलेल्या असतात आणि प्रत्येकीला ३ सेकंदांत ०.८ मीटर सरकायचे असते. नुसत्या वेग घेण्यासाठी सुमारे ३६ न्यूटन बल लागते. रोलर आणि ब्रशच्या सीलचे घर्षण ३०-४० न्यूटन धरले तर एकूण सत्तरच्या आसपास. दोर जसजसा आखडतो तसतशी त्याची ओढ कमी होते, म्हणजे शेवटच्या टप्प्यात ती सर्वांत कमजोर असते. रुळात कचरा साचून घर्षण दुप्पट झाले की दार मध्येच थांबू शकते. त्यामुळे दोराचा हिशेब नव्या दोराच्या आणि स्वच्छ रुळाच्या आकड्यांवर करू नये. उलट टोकाची चूक म्हणजे ‘मग वेगच वाढवू’. १०० किलोची झडप ०.४ मीटर प्रति सेकंद वेगाने आली तर तिच्यात ८ ज्यूल ऊर्जा असते. वेग दुप्पट केला की ३२ ज्यूल. तेवढ्यात मुलाचे किंवा म्हाताऱ्या माणसाचे हाड मोडू शकते.

बॅटरीचे दुखणे वेगळे. ती दाराच्या डोक्यावरच्या बंद पेटीत, मोटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या उष्णतेत बसलेली असते. लेड-अॅसिड बॅटरीचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते. थकलेली २४ व्होल्टची जोडी नुसत्या मीटरवर २५ दाखवते आणि मोटर सुरू होताच १८ वर कोसळते. म्हणून कंट्रोलरने २४ तासांत किमान एकदा प्रत्यक्ष भार टाकून चाचणी घ्यावी. चाचणी नापास झाली तर दार उघडेच राहावे आणि दिवा लागावा. नुसता दिवा लावून दार नेहमीसारखे चालू ठेवणारे कंट्रोलर सुटकेच्या वाटेवर नकोत.

वीज गेल्यावर झडप हाताने सरकते का, हेही बघावे. वर्म गिअर (मोटर ज्याला फिरवते, पण जो उलट बाजूने फिरत नाही असा स्क्रूसारखा गिअर) असेल तर ती जागची हलणार नाही. साध्या गिअरबॉक्सची मोटरही घात करू शकते. वाऱ्याने दार सरकू नये म्हणून काही कंट्रोलर वीज नसताना मोटरची दोन टोके एकमेकांना जोडतात. मग मोटर स्वतःच ब्रेक बनते.

लॉकमध्ये ‘बायस्टेबल’ नावाचा एक प्रकार येतो. वीज गेली की तो असेल त्या स्थितीत राहतो, म्हणजे लावलेला असेल तर लावलेलाच. सुटकेच्या वाटेवर वीज जाताच सुटणारेच लॉक घ्यावे आणि आतल्या बाजूच्या हिरव्या आपत्कालीन बटणाने त्याचा पुरवठा थेट तोडावा. बटण कंट्रोलरला नुसता निरोप देत असेल तर उपयोग नाही, कारण निरोप घेणाराच बंद पडलेला असू शकतो. शिवाय माणसे दाराला रेटून उभी राहिली की लॉकची खिट्टी बाजूच्या दाबाने अडकते आणि तिला सोडवणाऱ्या भागाची ताकद कमी पडते. खिट्टी निमुळती हवी. मोटरला वीज असेल तेव्हा झडप आधी किंचित बंद दिशेला दाबून मग लॉक सोडण्याचा क्रम कंट्रोलरमध्ये घालावा.

घाबरलेला माणूस दार बाजूला सारत नाही, पुढे ढकलतो. सरकत्या दाराची खरी अडचण ही आहे. पाचशे न्यूटनचा रेटा आला आणि झडपेला खालून सरळ ठेवणाऱ्या गाइडपाशी घर्षणांक ०.३ असला, तर सरकण्याला १५० न्यूटनचा जादा विरोध येतो. मोटर दमते, कंट्रोलरला वाटते मध्ये अडथळा आला, आणि तो झडप थांबवतो. आपत्कालीन स्थितीत त्याने थांबून न राहता उघडण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा केला पाहिजे. पण भरवशाचा उपाय एकच: ढकलल्यावर बिजागरीवर बाहेर फिरणारी झडप. तिला लागणारे बल अमेरिकन नियमांत जास्तीत जास्त ५० पौंड, म्हणजे २२२ न्यूटन. साधारण साडेबावीस किलोच्या वजनाएवढे.

इथे काटकसर महागात पडते. फक्त सरकणारी झडप फिरती ठेवली आणि बाजूची काच पक्की बसवली, तर अर्धवट उघडलेली झडप त्या काचेला अडकून फिरतच नाही, आणि संकटात दार अर्धवटच उघडलेले असते. बाजूची काचही फिरती हवी. झडप फिरताच मायक्रोस्विचने मोटर तोडली पाहिजे, नाहीतर पट्टा तिला परत ओढून तिरकी अडकवतो. वाऱ्यात काच खडखडते म्हणून देखभालवाला फिरती झडप जागेवर धरून ठेवणाऱ्या पकडीची स्प्रिंग आवळतो, सीलमधून हवा येते म्हणून कुणी सिलिकॉन भरतो, बाहेर कुंड्या मांडल्या जातात. आणि दार कागदावरच फिरते राहते. हाताच्या उंचीवर ‘आपत्काळात ढकला’ अशी ठळक पट्टी नसेल तर सरकते दार ढकलायचे कुणाला सुचणारही नाही.

माणूस आल्याचे ओळखून दार उघडणाऱ्या रडारला हालचाल दिसते, स्तब्ध माणूस दिसत नाही. त्याच्यासाठी इन्फ्रारेड सेन्सर लागतो. आतले लोक निघण्यापूर्वीच रात्री दाराचा स्विच ‘बंद’वर फिरवला की आतल्या बाजूचा रडार निकामी होतो. शेवटचा माणूस जाईपर्यंत स्विच ‘फक्त बाहेर’वरच असावा. आग अडवण्यासाठी बसवलेल्या सरकत्या दाराला मात्र हे सगळे लागू नाही. ते आगीत बंदच व्हायला हवे आणि त्याच्यातून किंवा शेजारून उघडता येणारे छोटे दार हवे.

इमारतीच्या व्यवस्थापनाने दरमहा या चाचण्या घ्याव्यात, दोन्ही बाजूंना माणूस उभा करून. चालू स्थितीत मेन बंद करा. लॉक लावून पुन्हा मेन बंद करा. मग बॅटरीची वायरही काढून बघा. वीज पूर्ववत करून अलार्मची एक वायर सोडवा. शेवटी लॉकच्या कडेला, जमिनीपासून एक मीटरवर स्प्रिंग काटा लावून झडप फिरवा, आधी पूर्ण बंद असताना आणि मग अर्धी उघडी असताना. आकडे तारखेसह वहीत लिहा. फिरवायला लागणारे बल महिन्यागणिक चढत असेल, तर पकडीची स्प्रिंग कुणी आवळली ते शोधून काढा.

आपला,
एक वाचक