योगदानकर्त्यांच्या पत्त्यांबाबत केलेल्या मदतीबद्दल जाहीर आभार

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

मराठी शुद्धलेखन तपासणीचा आमचा जुना कोड सबव्हर्जनमधून गिटवर (दोन्ही कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणाली) आणताना योगदानकर्त्यांचे ईमेल पत्ते ठरवण्यासाठी आपण केलेल्या मदतीबद्दल, प्रकल्पातील सर्वांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार मानतो.

सबव्हर्जन कमिटसोबत, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलासोबत, लेखकाची ओळख म्हणून केवळ लॉगिनचे नाव ठेवते. गिटमध्ये लेखकाचे नाव आणि ईमेल पत्ता कमिटच्या हॅशमध्येच (कमिटच्या मजकुरावरून काढलेल्या ओळखक्रमांकात) धरलेला असतो. त्यामुळे जुना पत्ता मागाहून बदलायचा म्हटले, तर त्या कमिटपासून पुढच्या साऱ्या कमिटचे हॅश बदलतात आणि ज्यांनी रेपॉझिटरी, म्हणजे इतिहासासह सारा कोड, आधीच उतरवून घेतली आहे त्यांच्या प्रतींशी मेळ राहत नाही. म्हणूनच ‘आत्ता काहीतरी घालू, पुढचे पुढे पाहू’ असे आपण होऊ दिले नाहीत.

जुन्या लॉगिनला नाव आणि पत्ता जोडून देणाऱ्या लेखकांच्या फाइलमधली एकेक ओळ आपण तपासलीत: डावीकडे ‘एसव्हीके’सारखे तुटक लॉगिन, मग बरोबरचे चिन्ह, पूर्ण नाव आणि कोनी कंसात पत्ता. कंपनीचा पत्ता नोकरीबरोबर जातो, कॉलेजचा बहुधा शिक्षणाबरोबर संपतो, आणि स्वतःच्या डोमेनचे नूतनीकरण राहिले तर ते दुसरा कोणीही घेऊ शकतो, हे आपण प्रत्येकाला समजावलेत. ज्यांना आपला पत्ता जगजाहीर नको होता, त्यांना आपण गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाचा, खातेक्रमांक असलेला नोरिप्लाय पत्ता (खरा पत्ता झाकणारा पर्यायी पत्ता) सुचवलात, कारण वापरकर्तानाव बदलले तरी तो खात्याशी जोडलेला राहतो.

आमच्या एका दिवंगत ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या बाबतीत आपण दाखवलेली आस्था मला सर्वांत मोलाची वाटते. त्यांच्या नावापुढे प्रकल्पाचा सामायिक पत्ता घालणे सोपे होते. पण आधी त्यांच्या घरच्यांना विचारा, असा आग्रह आपण धरलात. वडील अखेरपर्यंत वापरत असलेला पत्ताच ठेवावा, असे त्यांच्या मुलीने कळवले. आता गिट ब्लेम (कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणारी आज्ञा) चालवला की जोडाक्षरे तपासणाऱ्या भागातील बहुतेक ओळींसमोर त्यांचे पूर्ण नाव दिसते.

यापुढे कोणाचा पत्ता बदललाच, तर आपल्या सल्ल्याप्रमाणे इतिहासाला हात न लावता मेलमॅप फाइलमध्ये (जुन्या नाव-पत्त्याऐवजी कोणते दाखवायचे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) एक ओळ वाढवू, तीही त्या व्यक्तीला विचारूनच. कमिटची यादी दाखवणारा गिट लॉग ही फाइल गिटच्या २.२३ आवृत्तीपासून आपोआप वाचतो, त्यामुळे नव्या मंडळींना वेगळे काही करावे लागणार नाही. आपले टिपण आम्ही योगदान मार्गदर्शिकेत घेतले आहे. त्याखाली आपले नाव देण्यास संमती द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
प्रकल्पाचा एक देखभालकर्ता