बाबांची झापडं आणि आईचा टीव्ही

पुणे,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

दादाने दिवाळीत आणलेला डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट, म्हणजे आईच्या भाषेत बाबांची 'झापडं', त्यातलं चित्र टीव्हीवर कसं लावायचं ते फोनवर सांगून झालं, व्हिडिओ कॉलवर सांगून झालं, आणि काल रात्री तुम्ही दोघं एकमेकांवर वैतागलात आणि फोन माझा ठेवलात. ठेवता ठेवता बाबा म्हणाले, "लिहून पाठव. कागद समोर असला की मी करतो." सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये काढलेल्या माणसाचा विश्वास छापील कागदावरच बसणार. म्हणून हे पत्र. शेजारून प्रिंट काढून आणा आणि टीव्हीच्या कपाटाला आतून चिकटवा. बाहेरून नको, आईला आवडणार नाही.

आधी कालचं. काल काहीही बिघडलं नव्हतं. हेडसेटच्या यादीत टीव्हीचं नाव येत नव्हतं, कारण आपला टीव्ही आपल्या वायफायवर नव्हताच, तो शेजारच्या काकूंच्या वायफायवर होता! दिवाळीनंतर आपलं नेट गेलं तेव्हा मॅचसाठी बाबांनी काकूंचा पासवर्ड मागून टीव्हीत टाकला होता, तो तसाच राहिला. हेडसेट आपल्या राउटरवर आणि टीव्ही काकूंच्या. एक या वाड्यात, एक त्या वाड्यात, हाका मारून ऐकू कशा येणार? दोन्ही एकाच वायफायवर असतील तरच एकमेकांना दिसतात. तेव्हा टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आपलं नाव निवडा. आपल्या राउटरची दोन नावं दिसतील, त्यातलं शेवटी ५जी असलेलं घ्या, आणि हेडसेटलाही तेच द्या. त्याचा वेग जास्त असतो, पण भिंतीपलीकडे ते लवकर दमतं. म्हणून राउटर देवघरामागून काढून हॉलमध्ये आणा. आणि काकूंना एकदा डबाभर चिवडा नेऊन द्या, इतके दिवस फुकट टीव्ही पाहिलात त्यांच्या नेटवर.

आता करायचं काय. बाबा, झापडं डोळ्यांवर चढवलीत की उजव्या हातातल्या रिमोटवर कंपनीचं चिन्ह असलेलं सपाट बटण दाबा. खाली पट्टी येईल. तिच्यात कॅमेऱ्याचं चित्र शोधा, ते उघडलं की 'कास्ट' दिसेल. ते दाबल्यावर यादीत टीव्हीचं नाव येईल, ते निवडा. आपल्या टीव्हीत क्रोमकास्ट, म्हणजे बाहेरून पाठवलेलं चित्र पकडायची सोय, आतच असल्यामुळे वेगळी काडी लावायची गरज नाही. चालू झालं की तुमच्या नजरेच्या कडेला लाल ठिपका दिसत राहील. तो बिघाड नव्हे. तुम्ही बघताय ते बाहेर कुणीतरी बघतंय, एवढाच त्याचा अर्थ. टीव्ही अगदीच रुसला तर आईच्या मोबाईलवर मी हेडसेटच्या कंपनीचं मेटा होरायझन ॲप घालून ठेवलंय, त्यातही 'कास्ट' आहे, तिथून मोबाईलवर दिसेल. पण मोबाईलवर मजा नाही.

आणि टीव्हीचा आवाज बंद ठेवा. तोच आवाज हेडसेटमधूनही येतो आणि टीव्ही थोडा मागे असतो, त्यामुळे सगळं दोनदा ऐकू येतं. चित्रही मागेच असतं. आई "थांबा" म्हणते तोवर तुम्ही पुढच्या चौकात पोचलेले असता. (हे झापडांमुळे नवीन झालेलं नाही, असं आईचं म्हणणं.)

तुम्हाला वाटेल, एवढा खटाटोप कशाला. बाबांना बघायचंय, बाबा बघतील. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचं मला विसरता येत नाहीये.

त्याआधीचे दोन दिवसही आठवतात. दादाने हा क्वेस्ट २ हेडसेट आणला, बाबांनी डोळ्यांवर चढवला आणि गेले. कुठे ते कुणालाच कळेना. हॉलच्या मधोमध उभे राहून "अरे वा", "बापरे" करत होते, आई सोफ्यावर बसून लसूण सोलत होती. तिने दोनदा विचारलं, "काय दिसतंय हो?" बाबा म्हणाले, "सांगता येत नाही, घालून बघ." तिची मान आणि ती चक्कर, ती कसली घालतेय! मग शार्कला चुकवताना बाबांचा हात शोकेसवर गेला आणि आईच्या माहेरचा तांब्या खाली. त्याला पोचा आला, आणि आईने झापडांना त्या दिवशी झापडं हे नाव ठेवलं. घाण्याच्या बैलासारखी. मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर मी तिच्याच बाजूची होते. एकाच खोलीत दोन माणसं, आणि त्यातलं एक घरात नाहीच.

तिसऱ्या दिवशी मी टीव्हीवर लावून दिलं. ते रस्ते दाखवणारं ॲप उघडलं, ज्यात गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूची, म्हणजे कॅमेरा लावलेल्या गाडीने रस्त्यांवर फिरून काढलेली, चित्रं येतात. २०२२ च्या जुलैमध्ये स्ट्रीट व्ह्यू आपल्याकडे सुरू झालं तेव्हा पहिल्या दहा शहरांत नाशिक होतं, हे मी बाबांना सांगितलं, बाबांनी नेहमीप्रमाणे "असणारच" म्हटलं. मग रविवार कारंजावरून निघालो. बाबा खुर्चीवर बसून मान वळवणार, रिमोटने पुढे सरकणार, आणि आपण सगळे टीव्हीवर बघणार. आई चष्मा पुसून पुढे सरकली. लसूण तसाच राहिला.

आई, तू गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गोदाकाठी गंगेवर गेली नाहीस, बुधवारच्या बाजाराला नाहीस, जुन्या नाशकात तर नाहीच नाही. आणि त्या संध्याकाळी तू बाबांना सरळ हाकायला लागलीस. "अहो, उजवीकडे. उजवीकडे म्हटलं ना. दुकान गेलं वाटतं ते. आता आत वळा." तिवंध्याच्या चौकात बाबा थांबले आणि म्हणाले, "काही नाही इथे, रस्ता आहे नुसता." तू म्हणालीस, "खाली बघा. पायाखाली." बाबांनी मान खाली घातली. टीव्हीवर करडा रस्ता, त्यावर एक स्कूटर. तू म्हणालीस, "याच्याखाली रहाड आहे."

मला माहीत होतं, पण असं नाही. तू सांगत गेलीस: रंगपंचमीला ती, म्हणजे तो जमिनीतला रंगाचा हौद, उघडायचे, पळसाची फुलं उकळून रंग करायचे, पोरं वरून धप्पा मारायची आणि काठावरची माणसं रंगून जायची. मग पुन्हा ती बुजवायची आणि वर्षभर तिच्यावरून गाड्या जायच्या. बाबांच्या डोळ्यांना लावलेल्या त्या यंत्रात यातलं काहीच नव्हतं. त्यात होता रस्ता आणि स्कूटर. पुढे तुझ्या माहेरच्या बोळाच्या तोंडाशी बाण संपले, कारण गाडी आत शिरलेली नाही. बाबा "संपलं" म्हणाले. तू मात्र बोळात चालत राहिलीस, चौथ्या घरापर्यंत, ओट्यावर कोण बसायचं तेही सांगितलंस. बाबा झापडं न काढता ऐकत होते. मी बघत होते तुमच्याकडे.

नंतर रामकुंड. ते गाडीचं चित्र नव्हतं, कुणीतरी तिथे उभं राहून काढलेलं गोल चित्र होतं. त्यात दुतोंड्या मारुती दिसला आणि तुमचं लगेच सुरू झालं, कोणत्या वर्षी पाणी त्याच्या कमरेला होतं आणि कोणत्या वर्षी गळ्याला. हे भांडण मी अर्ध्या तासाने सोडवलं, की सोडवलं नाही, चहा टाकला.

म्हणून माझी एक अट: टीव्ही लागत नसेल त्या दिवशी झापडं घालायची नाहीत. बाबा, हे गंभीरपणे घ्या.

तेव्हा आई म्हणाली होती, "यांना म्हणे रस्त्यात उभं असल्यासारखं वाटतं, मला तर साधं चित्रच दिसतंय." बरोबर आहे. हेडसेटमध्ये डाव्या डोळ्याला एक आणि उजव्याला किंचित वेगळं चित्र मिळतं, डोकं त्या दोन्हींची सांधेजोड करतं आणि चित्राला खोली येते. टीव्हीला त्यातलं एकाच डोळ्याचं चित्र जातं, तेही कडा कापून. बाबा, तुम्ही एक डोळा मिटून भिंगातून छपाई तपासायचात ना, तसंच. दुसरं, टीव्ही बघताना आईला गरगरतं ते तुमच्या मानेमुळे. तुमची मान तुम्ही स्वतः वळवता म्हणून तुम्हाला कळत नाही, पण ती बसल्या जागी असते आणि समोर अख्खं नाशिक गर्रकन फिरतं. डोक्यावर दुधाची भरलेली चरवी आहे असं समजून वळा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये चित्र स्थिर करायची सोयही आहे, ती मी येईन तेव्हा लावीन.

बाकी बारीकसारीक. हेडसेट अर्धा किलोचा आहे, मागचा पट्टा सैल सोडू नका, नाहीतर सगळा भार नाकावर. बॅटरी दोन-अडीच तास, टीव्हीवर लावल्यावर त्याहून कमी. पैसे भरून बघायचे सिनेमे टीव्हीवर काळे दिसले तर मला फोन करू नका, ते मुद्दाम तसं असतं. आणि आई, फोम घामाने ओला झाला म्हणून तू तो अख्खा हेडसेट गच्चीत उन्हात ठेवलास असं बाबा म्हणाले. अगं, आत भिंगं आहेत. आम्ही लहानपणी भिंगाने वर्तमानपत्र जाळायचो ना, तसा आतला पडदा जळतो. फोम निघतो, तेवढाच पुसून सावलीत ठेव.

पुढच्या रविवारी पाच वाजता मी फोन करते. हेडसेटमधून थेट पुण्याला दाखवायच्या भानगडीत पडायचं नाही. टीव्ही लावा, माझा व्हिडिओ कॉल घ्या आणि मोबाईल टीव्हीकडे तोंड करून स्टुलावर डब्याला टेकवून ठेवा. मला टीव्ही दिसला की पुरे. या वेळी आईने ठरवायचं कुठून निघायचं ते. सिंहस्थाच्या कामांनी पंचवटीकडचं काय काय बदलेल कोण जाणे, म्हणून मला वाटतं आधी तिकडे जाऊ. बाबांनी खुर्ची हॉलच्या मधोमध, शोकेसपासून दोन हात लांब ठेवायची.

आणि तांब्या आधी आत उचलून ठेव गं.

तुमची,
मनू